पाणी झाडाला, कप खिळ्याला

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते असं, की गावात नसलेल्या माणसांचे कप धुतले.

सोमवार होता. दर सोमवारी ती हेच करायची. आमच्या कॉफीच्या दुकानात मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आहेत, एकेका खिळ्याला एकेका गिऱ्हाइकाचा कप. ऊसतोडीची माणसं दिवाळी झाली की जातात, ऊन तापल्यावर माघारी येतात. तोवर त्यांचे कप नुसते लटकलेले. कुणी पीत नाही, कुणी हात लावत नाही. तरी ही बाई दर सोमवारी ते सगळे घासणार. वरच्या रांगेला तिचा हात पुरत नव्हता, म्हणून उतरवायला, पुसायला आणि परत लावायला मी. वापरलेले कप धुणारी बाई कुठंही मिळंल. न वापरलेले धुणारी माझ्याच नशिबात होती.

त्या सोमवारी टोळीचा फोन आलता, उद्या सकाळी पोचतो म्हणून. त्यामुळं ती जास्तच जोरात घासत होती. माझे गुडघे ठणकत होते. कसेबसे कप लावले आणि खाली बसलो, तर म्हणाली,

"आवो, पारूचा कप दगडूबाच्या खिळ्याला लावलाय तुमी. अन् त्याचा तिच्या."

"असू दे की. खिळा खिळाच हाय."

"मेलेल्या माणसाच्या खिळ्याला जित्या बाईचा कप? काढा आधी."

"उद्या काढतो. गुडघा वाकंना."

"उद्या ती दारात उभी ऱ्हाईल की!"

"ती यायच्या आत काढतो, बाई. आता बसू दे मला."

ती काहीतरी पुटपुटली आणि स्वतःला कॉफी ओतून घेतली.

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्याला आमचं दुकान. पाटी नाही. तिचं नाव महानंदा, पण गाव म्हणायचं कॉफीवाली काकू. मला म्हणतात अप्पा. कोण अप्पा विचारलं तर सांगतात, काकूचा नवरा.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या भांड्यांत एक पितळेचं दोन मजली भांडं होतं. वरच्या मजल्याला भोकं, खाली थेंब थेंब गळणार. आम्ही शिवाची माणसं. आईला वाटलं पिंडीवर धरायचं अभिषेकाचं पात्र आहे. तिनं त्याला इभूत लावली, बेल वाहिला आणि देव्हाऱ्यात ठेवलं. नवी सून थोडे दिवस गप बसली. मग एका सकाळी तिनं ते देव्हाऱ्यातून काढलं, इभूत पुसली, आत काळी पूड टाकली, वरून कढत पाणी ओतलं आणि आईच्या पुढ्यात कप ठेवला. तिचं लहानपण कर्नाटकात मावशीकडं गेलं, तिथून हे खूळ आलेलं. आईनं घोट घेतला. म्हणाली, "जळकं लागतंय." आणि अख्खा कप प्याली. पुढं मरेपर्यंत रोज पीत होती आणि रोज जळकं लागतंय म्हणत होती.

आमचं किराणा दुकान चालंना तेव्हा त्याच जागेत हिनं कॉफी सुरू केली. मी म्हणलं, चहाचं काढ, गाव चहाचं आहे. म्हणाली, "चहावाले लई हायत. त्यांचं कावून मोडायचं?" झालं. तेव्हापासून कुणी चहा मागितला की तिचं बोट रस्त्यापलीकडं.

"काकू, एक चहा."

"समोर जा."

"बिनदुधाचा तरी?"

"समोरच जा. तिथं गोराबी हाय अन् काळाबी हाय."

मीसुद्धा कधीमधी समोर जाऊन यायचो. परत आलो की ती नाक वर करून वास घ्यायची आणि म्हणायची, "जाऊन आले वाटतं माहेराला."

पण खरा तमाशा कपाचा. तिच्याकडं कागदी कप नाही, प्लास्टिक नाही, पिशवीत पार्सल तर नाहीच नाही. ज्याला रोज प्यायची त्यानं घरून कप आणायचा. पिऊन झालं की ओंजळभर पाण्यात स्वतः विसळायचा, ते पाणी दारातल्या करंजाच्या झाडाला घालायचं आणि कप आपापल्या खिळ्याला लावायचा. कुणी विसरला की आतून ओरडणं आलंच, "पाणी झाडाला, कप खिळ्याला!" मास्तर असो, पोलीस असो, सगळ्यांना एकच पट्टी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघताना गावाला तिचं पटायचं, पावसाळ्यात गाव हसायचं. करंज मात्र त्या पाण्यावर एवढा माजला की फांदी पत्र्याला भिडली. मी कुऱ्हाड काढली. तिनं माणूस बोलावून पत्रा कापून घेतला. तेव्हापासून पाऊस आमच्या दुकानात आत पडतो. गिऱ्हाइकं बाक सरकवून बसतात.

एकदा निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याशा पुढाऱ्याची पोरं गाडीतून उतरली. संगं कागदी कपांचं खोकं.

"काकू, सगळ्यांना कॉफी. कप आमचे हायत."

"पिऊन झाल्यावर हे कुठं जाणार?"

"फेकायचे की."

"कुठं?"

पोरानं रस्त्याच्या कडंला बोट केलं. "तिकडं."

"तिकडं चाँदभाई ऱ्हातो."

चाँदभाई पंक्चरवाला आमच्याच बाकावर आपल्या कपातून पीत बसला होता. त्यानं हात वर केला. "मेराच घर है, भाऊ. फेको, मगर मेरी बीबीकू पूछके फेको."

पोरं हसली, पण खोकं गाडीत परत गेलं. मग चाँदभाईच्याच घरून कप आले आणि ती सगळी टोळी आळीपाळीनं प्याली, विसळली, झाडापाशी रांग लावली. ते गेल्यावर मी म्हणलं, "गिऱ्हाईक तोडशील एक दिवस." म्हणाली, "गिऱ्हाईक येतंय परत. कचरा माघारी गेला का न्हाई?"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पारूची टोळी पहिल्यांदा आली तेव्हा मुकादम दारातूनच म्हणाला, "काकू, आठ कोयते हायत. आठ कॉफी टाका."

"कोयते कॉफी पितेत व्हय? माणसं किती?"

"तेच की. आठ."

"ते गडी झाले. बाया?"

"बाया ट्रॅक्टरात बसल्यात. त्यांना न्हाई लागत."

ती शेगडीपासून उठली. कमरेला पदर खोचून ट्रॅक्टरापाशी गेली आणि एकेकीला हाताला धरून उतरवलं. आमच्याकडं बाईमाणूस हॉटेलात बसत नाही. त्या बाया बाकाच्या कडंला अशा बसल्या की आता कुणी येऊन उठवतंय. घरातले वाटी-पेले काढून हिनं त्यांना कॉफी दिली. मुकादमाला सगळ्यात शेवटी, आणि थंड. त्यातली पारू पुढच्या वेळी जत्रेतला मोराचा कप घेऊन आली. तिनं तो हिच्या हातात दिला. हिनं मला सांगितलं, खिळा ठोका.

दगडूबा म्हणजे पारूचा सासरा. बैलं सांभाळायला टोळीसंगं जायचा. जायच्या आधी दरवर्षी भांडण.

"काकू, कप संगं नेतो. तिकडं कामाला येतोय."

"कप हितंच ऱ्हाणार."

"माझा कप हाय ना?"

"तुझाच हाय. म्हणून तर त्याच्यासाठी माघारी यायचं."

एका हंगामात टोळी आली आणि दगडूबा आला नाही. उसाच्या फडातच ताप भरला, तिकडंच संपला. मी त्याचा कप उतरवायला गेलो, पारूला देऊन टाकावा म्हणून. हिनं माझा हात धरला. पारूकडं बघितलं. पारू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, काकू." तेव्हापासून तो कपही सोमवारच्या धुण्यात.

एकदा मी वैतागून विचारलं, "त्याचा कावून धुतीस आता?"

"धूळ बसली की माणूस गेल्यावानी वाटतंय."

"गेलाच हाय की तो."

"तुमाला न्हाई कळायचं. पुसा."

आणि खरंच मला कळत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की जगाशी कचाकचा भांडणारी ही बाई सोमवारी घासताना एकेका कपाशी हळू बोलायची. शिवा आमचा मुलगा, लातूरला मोबाइलच्या दुकानात असतो, त्याच्याशीसुद्धा फोनवर एवढं बोलत नव्हती.

आमच्यात माणूस गेलं तर सुतक नसतं, असं स्वामी सांगतात. पाळतात तरी सगळे, गाव काय म्हणंल म्हणून. माझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं दुकान उघडलं. भाऊबंद धावत आले. "सासूची माती वाळली न्हाई अन् ही कॉफी गाळायली!"

ही म्हणाली, "म्हातारी ह्याच वक्ताला पीत व्हती. तिच्या नावानं बसा अन् प्या. जळकं लागलं तर सांगा."

भाऊबंद बसले. प्याले. एकानं तर दुसऱ्यांदा मागितली.

आमच्यात जाळतही नाहीत. बसवून माती देतात. त्यावर तिचं ठरलेलं बोलणं होतं, "बरंय. जलमभर उभी हाय, तेवढंच बसणं व्हईल."

तर त्या सोमवारी तिनं अर्धा कप घेतला. तिचा कप दांडा तुटलेला. फेकू देत नव्हती. फिल्टरशेजारी ठेवायची. उरलेली अर्धी तशीच ठेवून म्हणाली, "जरा पडते. तो खिळा ध्यानात ठेवा." मागच्या खोलीत गेली. दुपारी जेवायला उठवायला गेलो, तर उठली नाही. डॉक्टर येऊन गेला. त्यानं काही सांगायची गरज नव्हती.

शिवा लातूरहून आला. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. इभूत लावली, बेल घातला, हातात तिचं इष्टलिंग दिलं आणि बसवली. खाली बसलेली ती बघितली आणि वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदा ही निवांत बसली. मग मी तोंड फिरवलं.

घरी आल्यावर भाऊबंदांनी ठरवलं, दुकान बंद. शिवानं कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात घातली. म्हणाला, "अप्पा, आता कोण करणार हे? चला माझ्याकडं." मी हो म्हणलं. मनापासून म्हणलं. मला कॉफी येत नव्हती, भांडण येत नव्हतं, आणि त्या भिंतीकडं बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला आणि खिळा आठवला.

दुकान उघडायचं मनात नव्हतं. तेवढा कप बदलायचा आणि परत कुलूप लावायचं, म्हणून शटर वर केलं. स्टुलावर चढलो. मोराचा कप दगडूबाच्या खिळ्यावरून काढला, पारूच्या खिळ्याला लावला. दगडूबाचा दगडूबाच्या. उतरून मागं वळलो तर बाकावर बाया बसलेल्या. त्यांना फाट्यावरच कळलं होतं. कुणी रडत नव्हतं. पारू भिंतीकडं बघत होती.

शिवा डोळे चोळत आला. "अप्पा, बंद ठेवायचं ठरलं ना? लोक काय म्हणतेल?"

"आपल्यात सुतक नसतं," मी म्हणलं. "पाणी ठेव."

पूड किती टाकायची ते मला माहीत नव्हतं. अंदाजानं टाकली. थेंब थेंब गळत बसलं, आणि सगळे ते गळणं बघत बसले. मी एकेक कप उतरवून ज्याचा त्याच्या हातात दिला. पारूनं घोट घेतला.

"जळकं लागतंय, अप्पा."

"लागू दे. पी."

सगळा कप प्याली.

मुकादमानं दारात उभं राहून कप विसळला आणि पाणी भस्सकन रस्त्यावर टाकलं. माझ्या तोंडून निघालं, "ए! पाणी झाडाला!" एवढ्या मोठ्यांदा, की समोरच्या चहावाल्यानं मान वर केली. मुकादमानं परत ओंजळभर पाणी घेतलं. त्यानं पुन्हा विसळला आणि झाडापाशी गेला.

सगळे गेल्यावर फिल्टर धुवायला घेतलं, तर शेजारी तिचा कप. कालची अर्धी कॉफी, वर साय धरलेली. ती करंजाच्या बुडाला ओतली. कप घासला, विसळला, तेही पाणी झाडाला घातलं. फडक्यानं पुसला. दांडा नव्हता, त्यामुळं खिळ्याला लावता आला नाही. होता तिथंच, फिल्टरशेजारी, पालथा घालून ठेवला.