कुठंच न थांबणारी बोट

एका रविवारी सकाळी सुभेदार काटकरांनी आपल्या अंगणात, कबड्डीचं मैदान आखतात तशी, फक्कीनं एक चौकट आखली. तिच्यात दोन लोखंडी कॉट टाकल्या. मग मला, माझ्या बायकोला आणि स्वतःच्या बायकोला, जिजाकाकूंना, आत उभं करून ते हातात घड्याळ घेऊन रेषेबाहेर उभे राहिले.

“ही बोटीतली खोली. बिनखिडकीची. एक तास कुणी भाईर यायचं न्हाई.”

“आवं, पण गॅसवर दूध ठेवलंय,” जिजाकाकू म्हणाल्या.

“बोटीत गॅस नसतोय.”

“घरात हाय की!”

दूध उतू गेलं. सुभेदारांनी वहीत लिहिलं : ‘खोली लहान. बाईमाणूस बारा मिनिटांत चिडतंय.’

सुभेदार दत्ताजी काटकर म्हणजे कराडशेजारच्या मलकापुरातल्या आमच्या कॉलनीतले माझे शेजारी. अठ्ठावीस वर्षं फौजेत होते, त्यातली बरीचशी रसदीच्या कामात गेली. जवानांसाठी आलेला बटाटा असो की बूट, तो उलटा करून बघितल्याशिवाय ते आत घेत नसत. फौज सुटली, पण सवय सुटली नाही. मंडईत ते वांगं देठाला धरून उजेडाकडे करतात. पेपरवाल्याला थांबवून पानं मोजतात. आमच्या घरी चहाला आले की आधी कप उलटा करून त्याचं बूड बघतात आणि मगच सरळ करून पुढं धरतात. “मुआयना झाल्याबिगर सही न्हाई,” हे त्यांचं तपासणीचं, दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळणारं वाक्य. पसंत पडलं तर “मंजूर”, नाही पडलं तर “नामंजूर”. मधलं काही त्यांच्याकडे नसतं.

अशा माणसानं गेल्या वर्षी जाहीर केलं, की सगळ्या कुटुंबाला घेऊन समुद्राच्या सफरीला जायचं. पण कुठल्या कंपनीच्या बोटीनं, ते मुआयना झाल्यावर ठरेल.

मुआयना आठ महिने चालला.

तीन कंपन्या त्यांनी निवडल्या. इंग्रजी नावं तोंडात बसेनात, म्हणून जाहिरातीतल्या धुराड्याच्या रंगावरून लाल, निळी आणि पिवळी अशी त्यांची बारशी झाली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखून तो देव्हाऱ्याशेजारी टांगला गेला. रकाने तीन : दर, दर्जा, वागणूक.

दराचा रकाना भरायला फोन लावला. तिकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, माणशी सोळा हजारांपासून पुढे.”

“पोरी, ‘पासून’ सांगू नगंस. ‘पातुर’ सांग.”

“सर, ते खोलीवर असतं, सीझनवर असतं...”

“म्हंजी खाली जमीन हाय, वर आभाळ. मधी आमी लोंबकळायचं व्हय?”

दर्जासाठी त्यांनी तिन्ही कंपन्यांकडे स्वयंपाकघरातल्या पातेल्यांचे फोटो मागितले, तेही बुडाकडून काढलेले. कंपन्यांनी पोहण्याचे तलाव पाठवले, काचेचे जिने पाठवले, छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारी झुंबरं पाठवली. सुभेदारांनी तक्त्यात लिहिलं : ‘झुंबरं लय. पातेलं एकबी न्हाई.’

वागणुकीची परीक्षा मात्र त्यांनी स्वतः शोधून काढली होती. तिन्हीकडे सकाळ, दुपार, संध्याकाळ फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : “बोटीवर माझी चप्पल हरवली तर?”

लाल कंपनीनं एक दाबा, दोन दाबा करत त्यांना फिरवून फिरवून पुन्हा सुरुवातीला आणून सोडलं. पिवळीचा पोरगा म्हणाला, “सर, आमच्याकडे काहीच हरवत नाही.” हा सरळ खोटं बोलतोय म्हणून तो बाद. निळीच्या मुलीनं क्षणभर विचार करून विचारलं, “कुठल्या रंगाची आहे, सर?”

सुभेदार फोन धरूनच उठून उभे राहिले. “ह्याला म्हणत्यात वागणूक!” त्यांनी निळीला दहापैकी अकरा मार्क दिले.

लाटांची सवय व्हावी म्हणून त्यांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणवला. ट्रॉलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून आम्हा चौघांना उसाच्या फडातल्या गाडीवाटेनं तासभर फिरवलं. मी भूगोलाचा शिक्षक, म्हणून समुद्र किती खवळतो ते ड्रायव्हरला सांगायची जबाबदारी माझ्यावर. “मास्तर, आता मध्यम लाट सांगा,” ते म्हणाले, तेव्हा माझ्या पोटातली मध्यम लाट गळ्यापर्यंत आली होती. जिजाकाकू वाटेत उतरल्या आणि चालत घरी गेल्या. सुभेदारांना काही झालं नाही. डोंगरात ट्रकमधून फिरलेला माणूस, त्याला काय होणार?

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. निळी इतकी आवडली असून ते तिकीट काढत नव्हते. शेवटी सांगलीत एक हुशार एजंट आहे असं कळलं, आणि समोरासमोर बोलायला आम्ही दोघं बसनं सांगलीला गेलो.

एजंट टाय लावलेला, चटपटीत. त्यानं नकाशाच पसरला. “काका, ही निळी बोट पाच दिवसांची. तीन बंदरं घेते. रोज सकाळी उतरायचं, फिरायचं.”

“उतरता येतंय?”

“येतं म्हणजे काय! तेच तर आहे सगळं.”

“नामंजूर.”

एजंटनं लाल बोट काढली. तिची बंदरं चार. सुभेदारांनी कपाळाला हात लावला. पिवळीची दोन होती, तीही नामंजूर. “थांबतीच कशाला?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते. एजंट माझ्याकडे बघत होता आणि मी भिंतीवरच्या पंख्याकडे.

“न थांबणारी न्हाई का एकबी?”

एजंट जरा ओशाळला. “आहे एक. निळीचीच. पण काका, मी ती कुणाला सुचवत नाही. मुंबईहून निघते, तीन रात्री समुद्रात हिंडते आणि परत मुंबईला येते. कुठंच जात नाही ती.”

“मधी कुणाला उतरता येतंय?”

“उतरणार कुठं? सगळीकडे पाणीच की.”

“मंजूर!” सुभेदारांनी टेबलावर अशी थाप मारली की नकाशा खाली पडला. एवढ्या उत्साहानं कुठंच न जाणारं तिकीट काढणारा माणूस त्या एजंटनं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

काम झालं तेव्हा दुपार होती. सुभेदारांचा थोरला मुलगा राजेंद्र मिरजेत औषधांचं दुकान चालवतो. सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर. मी सहज म्हटलं, “आलोच आहोत तर राजेंद्रकडे जाऊन येऊ या की.”

“नगं,” ते म्हणाले, आणि स्टँडवर जाऊन कराडच्या गाडीत खिडकीशी बसले. गाडी सुटल्यावर त्यांनी एसटीचं तिकीट दोन्ही बाजूंनी तपासून खिशात ठेवलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, “मास्तर, माझी दोन्ही पोरं सहा वर्सं झाली एकमेकांशी बोलत न्हाईत. तुमास्नी ठावं हाय.”

ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. धाकटा महेश पुण्यात कंपनीत असतो. त्यानं घर बांधलं, वास्तुशांत ठेवली आणि निमंत्रणपत्रिकेत निमंत्रक म्हणून थोरल्या भावाचं नावच नव्हतं. राजेंद्र आलाच नाही. तेव्हापासून दिवाळीला एकाची गाडी दारात दिसली की दुसरा पुढच्या चौकातून परत फिरतो. चुकून दोघं एका घरात सापडलेच तर हात धुवायच्या आत एक जण किल्ली फिरवत निघतो.

“एकदा मी दोघांच्या किल्ल्या काढून घिऊन कपाटात ठेवल्या,” सुभेदार म्हणाले. “थोरला चालत ग्येला.”

“पण छापखान्याची चूक होती म्हणतात ना?”

“छापखान्याची न्हाई.” त्यांनी घसा खाकरला. “कार्ड कराडात छापलं. प्रूफ माझ्याकडं आलं. मी बघितलं आन सही क्येली. आख्ख्या जल्मात मी गव्हातला खडा सोडला न्हाई, मास्तर, आन पोराचं नाव सोडलं.”

आवाज नीट यावा म्हणून मी खिडकीची काच ओढून घेतली.

“राजेंद्र तणतणत आला तवा सांगणार हुतो. तोंड उघडस्तवर तो भाईर पडला. दुसऱ्या दिशी धीर झाला न्हाई. तिसऱ्या दिशी तर न्हाईच न्हाई. एकेकाला सांगायला जीभ उचलत न्हाई. दोघंबी समोर पायजेत. आन माझं सांगून हुईस्तवर जाग्यावर पायजेत.”

एवढं बोलून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि कराड येईपर्यंत झोपल्याचं सोंग केलं.

पोरांना बोटीवर आणायचं काम त्यांनी फौजी पद्धतीनं केलं. दोघांनाही स्वतंत्रपणे सांगितलं, “फकस्त मी, तुजी आई, तू आन तुजी बायकापोरं. आनि शेजारचं मास्तर.” आम्हा नवराबायकोची तिकिटंही त्यांनीच काढली होती, कारण “दोन तटस्थ माणसं लागत्यात.”

दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलावून वेगवेगळ्या रांगेत उभं केलं होतं. बोट सुटल्यावर अर्ध्या तासानं वरच्या मजल्यावर, सरबताच्या टेबलाशी, राजेंद्र आणि महेश समोरासमोर आले. दोघांच्या हातात पेले होते आणि दोघांचे हात तसेच राहिले.

“आबा, मी उतरतो,” राजेंद्र म्हणाला.

“उतर की,” सुभेदार शांतपणे म्हणाले.

राजेंद्रनं कठड्याबाहेर पाहिलं. मुंबई बोटभर उरली होती. तो तरातरा आपल्या खोलीत निघून गेला. महेश दुसऱ्या जिन्यानं गेला. दोघांच्या बायका मात्र एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्यांचं भांडण कधी नव्हतंच. त्या पोरांना घेऊन पोहायच्या तलावाकडे गेल्या.

रात्री जेवायला दोघं भाऊ टेबलाच्या दोन टोकांना बसले. सुभेदार सांगायला म्हणून दोन वेळा उभे राहिले, दोन्ही वेळा “मीठ द्या रं” म्हणून खाली बसले. पातेली बघायला भटारखान्यात जायचं होतं, तेही विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र थोडासा हलला. आम्हा कुणाला काही झालं नाही, जिजाकाकू तर इडलीवर इडली खात होत्या. आडवे झाले ते सुभेदार. डॉक्टर म्हणाले मोकळ्या हवेत ठेवा, म्हणून वरच्या मजल्यावर एका लांब खुर्चीवर त्यांना निजवलं आणि तोंडावर ओला टॉवेल टाकला. मी उशाशी बसलो. बातमी लागली तशी आधी एका बाजूनं महेश आला, मग दुसऱ्या बाजूनं राजेंद्र.

दोघं खुर्चीच्या दोन्ही अंगांना उभे राहिले. मग राजेंद्रनं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि समुद्राकडे बघत विचारलं, “गोळी दिली का?”

“मगाशी दिली,” महेशही समुद्राकडे बघत म्हणाला. “थुंकली त्यांनी. म्हणाले, पाकिटावरची तारीख दाखव आधी.”

राजेंद्रच्या नाकातून हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं.

टॉवेलखालून आवाज आला. “पोरांनु.”

“पडून राहा, आबा.”

“प्रूफ मी बघितलं हुतं.” टॉवेल काही हलला नाही. “वास्तुशांतीच्या कार्डाचं. राजेंद्रा, तुजं नाव माज्याकडनं ऱ्हायलं. महेशचा कायबी दोष न्हाई. छापखान्याचाबी न्हाई. माजाच हाय. सहा वर्सं बोललो न्हाई, त्योबी माजाच.”

राजेंद्र खाली बसला. खुर्ची नव्हती, तसाच फळ्यांवर बसला. पहिल्यांदाच त्यानं भावाकडे सरळ पाहिलं. “तुला ठावं हुतं?”

महेशनं मान डोलावली. “दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेलो होतो भांडायला. त्यांनी सहीचं प्रूफ काढून दाखवलं.”

“आन तू गप बसलास?”

“आबांची सही होती त्यावर, दादा. सांगू कुणाला?”

टॉवेल पहिल्यांदाच हलला. सुभेदारांना हे माहीत नव्हतं. आपण पोराच्या मागं लपलोय आणि पोरगा ते जाणून उभा आहे, हे सहा वर्षांत कधी त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचा हात चाचपडत बाहेर आला, आधी हवेत फिरला आणि मग महेशच्या गुडघ्यावर जाऊन थांबला.

मी उठलो. माझं तिथं काही काम उरलं नव्हतं.

जिन्यापाशी पोचलो तोवर मागं आवाज चढले होते. पण ते एकमेकांवर नव्हते. दोघं मिळून आबांवर तुटून पडले होते. राजेंद्र म्हणत होता, माझ्या लग्नात बँडवाल्यांचे बूट तपासत बसलात, वरात तासभर रस्त्यात उभी. महेश म्हणत होता, माझ्या हॉस्टेलमध्ये येऊन रेक्टरच्या खुर्चीचे पाय हलवून बघितलेत, वर्षभर पोरं मला सुतार म्हणत होती. आणि टॉवेलखालचा माणूस, ज्याला कुणी उलट बोललेलं आयुष्यात खपलं नाही, तो मधूनमधून नुसतं “व्हय” म्हणत होता.

थोड्या वेळानं ऊन वाढलं, तसे दोघं आबांना खाली घेऊन निघाले. राजेंद्रनं एक दंड धरला होता, महेशनं दुसरा. बोट डावीकडे कलली की तिघं डावीकडे झुकत, उजवीकडे कलली की तिघं उजवीकडे. जिना चार पावलांवर होता, पण कुणाला घाई दिसत नव्हती.