तायडे साहेबांचा उद्या

तायडे साहेब चहाला येणार असले, तर आदल्या दिवशी कळवतात. नुसतं ‘येतो’ एवढंच नाही. "उद्या साडेपाच ते पावणेसहा. पाऊण कप. साखर नाई. बिस्कूट एक." एकदा मी प्रेमाने कप काठोकाठ भरला. साहेबांनी बरोबर पाऊण कप प्यायला आणि उरलेला माझ्यापुढे सरकवला.

"साहेब, एवढासा तर आहे," मी म्हटलं.

"एवढासा ज्यादा हाय. ज्यादा म्हणजे चूकच."

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या बापाला फोन करून ‘उद्या मी दोन जिलब्या खाईन’ असं सांगणारा पाहुणा मी दुसरा पाहिलेला नाही. तो बिचारा तेव्हा मंडपवाल्याशी भांडत होता. तुम्ही सहज विचारलं, ‘साहेब, कसं काय?’ तर उत्तर ठरलेलं: "आजचं सोडा, उद्याचं सांगा."

याला कारण आमचा धंदा. कामरगावात आमचं एका खोलीचं ऑफिस आहे. आसपासचे सोलर प्लांटवाले, डाळमिलवाले, कापसाचे जिनिंगवाले हे आमचे सभासद. उद्या कोणत्या पंधरा मिनिटांत कोण किती वीज देणार, कोण किती घेणार, हे आजच वरती ग्रीडवाल्यांना कळवावं लागतं. अंदाज चुकला की दंड. ते कळवायचं काम साहेबांचं आणि माझं. मी रिठदची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि हे सांगताना आवाज खाली करत नाही. साहेब मला नावाने हाक मारत नाहीत, ‘बीएस्सी’ म्हणतात. त्यांना वाटतं ते चिडवतात. मला आवडतं.

तर झालं असं, की नियम बदलला. पूर्वी सभासद दुपारी जेवून, ढेकर देऊन आकडा सांगायचे. आभाळ आलं की बदलायचे, गेलं की पुन्हा बदलायचे. आता उद्याचा आकडा सकाळी दहाच्या आत, आणि नंतर बदल एकदाच. पुण्याच्या हेड ऑफिसने बजावलं: तुमच्या लोकांना हे पहिल्या महिन्यात जमलं नाही, तर कामरगावची खोली बंद. काम पुण्याला येईल, तायडेही पुण्याला येतील, मोठ्या पगारावर.

पगार वाढणार म्हटल्यावर माणूस हसतो. साहेबांचं तोंड उतरलं. "बीएस्सी, ही खोली हालली नाई पायजे," एवढंच बोलले.

मग प्रशिक्षण सुरू झालं. साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवले. पंखा चांगला होता, अर्धे सभासद झोपले. डाळमिलवाले रऊफभाई जागे होते, पण तेही म्हणाले, "साब, तुम्ही सांगून राह्यले बराबर. पण आपलं डोकं खाली पेट चालत नाई."

साहेबांनी पडदा गुंडाळला. म्हणाले, "ठीक हाय. परवा रोडग्याचं जेवण. पण उद्या सकाळी दहाच्या आत फोन करून सांगाचं, कोण कोणत्या पंधरा मिनिटात किती रोडगे खाईन. तेवढेच भाजल्या जातील. बदल एकदा."

दुसऱ्या दिवशी फोन मीच घेतले. आपल्याकडची माणसं! यजमानाला कुणी खरी भूक सांगतं का? रऊफभाई म्हणाले, "आपलं काय, एक बस." जिनिंगवाले म्हणाले, "अर्धा चालते, पोरी." सगळे असेच. फक्त सोलरवाले विठ्ठलभाऊ घाबरट. कमी पडायला नको म्हणून त्यांनी सहा सांगून टाकले, सगळे पहिल्याच पंधरा मिनिटांत.

जेवणाच्या दिवशी सोलर प्लांटच्या कुंपणापलीकडे आंब्याखाली गोवऱ्यांचा जाळ, त्यात भाजणारे कणकेचे जाडजूड गोळे म्हणजे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप. वास असा, की वॉचमन दोनदा येऊन गेला. रऊफभाईंचा एक रोडगा पहिल्या फेरीत संपला. त्यांनी ताट पुढे केलं. साहेब चिमटा घेऊन उभे होते.

"शेड्यूलमधे नाई."

"अरे साब, भूक लागून राह्यली."

"काल काहून नाई लागली?"

"काल तर शरम लागली होती ना."

पलीकडे विठ्ठलभाऊ चौथ्या रोडग्यावर घामाघूम झाले होते. त्यांनी हळूच अर्धा रऊफभाईंच्या ताटात सरकवायचा प्रयत्न केला. साहेबांनी चिमट्याने तो परत आणला. "सांगितला ना? मग खा."

"मरतो ना जी मी."

"तुमचा प्लांट हेच करते, विठ्ठलभाऊ. भेवून ज्यादा सांगता. अन् रऊफभाईची मिल लाजून कमी सांगते. लाजू बी नका, भेऊ बी नका. असन तेवढंच बोला."

मग रऊफभाई म्हणाले, "साब, डोक्यात नाई गेलं ते पेटात गेलं. आता तरी द्या एक." साहेबांनी आंब्यामागे ठेवलेलं एक पोतं उघडलं. आत कणीक जास्तीची होती. त्यांनी नियम मोडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्या महिन्यात दहाच्या आधीच फोन वाजू लागले. खोली वाचली. एवढंच नाही, पुण्याहून निरोप आला: तायडेंना इकडे पाठवा, सगळ्या जिल्ह्यांना असंच शिकवू द्या. साहेबांनी एका ओळीत नकार कळवला.

मला राग आला. आमच्याकडे माणसं मोठी व्हायला निघतात आणि एसटी स्टँडवरून परत येतात. रविवारी मी समजावायला थेट त्यांच्या घरी गेले, पहिल्यांदाच. साहेब पोळ्या लाटत होते. दोन ताटं मांडलेली.

"कोण येणार आहे?"

"माहीत नाई."

मी हसले. साहेब हसले नाहीत.

"पोरगी हाय मायी. वाशीमले नर्स हाय. माय गेली तिची, तवापासून सुट्टी भेटली की जीप धरते अन् येते. न सांगता."

"मग तुमचा नियम? आदल्या दिवशी फोन करायला सांगा ना तिला."

"कायले? येतो म्हणून सांगलं अन् ऐनवेळी ड्युटी लागली, त तिलेच वाईट वाटते." त्यांनी पोळी उलटली. "पुण्याले कोन्ती जीप येईन, बीएस्सी?"

बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला. साहेबांनी गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातानेच दाराशी गेले. जीप थांबली, दोन बाया उतरल्या, पिशव्या घेऊन पलीकडच्या गल्लीत गेल्या. ते थोडा वेळ दारातच उभे राहिले. मग आत आले.

"बस, तू जेवून घे," एक ताट माझ्याकडे सरकवत म्हणाले. दुसऱ्यावर त्यांनी झाकण ठेवलं. "दुपारची जीप बाकी हाय अजून."