चौदा हमाल आणि पान एकसष्ट

जुनी पुस्तके आणि जुने नातेवाईक यांच्याबाबत सुसंस्कृत माणसाला कधी ना कधी धोरण ठरवावेच लागते. नातेवाईक बाद करता येत नाहीत. त्यामुळे जबलपूरच्या राइट टाउनमधल्या मराठी वाचनालयाने सुरुवात पुस्तकांपासून केली, हे योग्यच झाले.

पहिला मान डायनासोरांच्या कादंबरीला मिळाला. मूळ पुस्तक शंभर वर्षांपूर्वीच्या एका साहेबाचे. मराठी कोणी केले ते फाटलेल्या कव्हरबरोबर गेले. तीन साहेब एका धुकट दरीत उतरतात, तिथे डायनासोर जिवंत असतात, एवढीच गोष्ट. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या हेमचंद्ररावांनी ती अकराव्या वर्षी वाचली आणि त्यानंतर सतरा वेळा. जबलपूरच्या टेकडीत खरी हाडे सापडलेली, त्यामुळे हा आपल्या मोहल्ल्याचाच विषय असे ते मानत. दुसरी प्रत कुठेच मिळत नव्हती.

त्यांची भाची ऋचा कॉलेजात शिकवते. तिने ती चाळली आणि म्हणाली, "मामा, हे काहून वाचून राहिले तुम्ही? ह्यातल्या बायका फक्त बेशुद्ध पडतात."

हे खरे होते. (बायका दोन, बेशुद्धी सात वेळा.)

समिती नेमली गेली: ऋचा, हेमचंद्रराव आणि नागपूरहून बदलून आलेले बँकेतले अनुपम. चहा झाला. नियम ठरला. प्रत्येकाने पुस्तक आठवडाभर घरी न्यावे, आक्षेपार्ह जागी पिवळी चिठ्ठी लावावी. शंभर चिठ्ठ्या भरल्या की पुस्तक बाद. हेमचंद्ररावांना पुस्तक वाचवायचे होते. पण नोकरीभर चूक दिसली की खूण करण्याची सवय, तेव्हा सर्वांत जास्त चिठ्ठ्या त्यांच्याच निघाल्या.

तीन आठवड्यांनी मोजणी झाली. दुसरा चहा आला. पान एक ते साठ: 'रानटी' हा शब्द, एकतीस चिठ्ठ्या. कवटी मोजून अक्कल ठरवणे, बारा. सामान वाहणारे चौदा हमाल असून एकाचेही नाव न देणे, एक (ऋचाची, तीनदा अधोरेखित). किरकोळ धरून एकूण अठ्ठ्याण्णव.

पान एकसष्टवर झाडांच्या शेंड्यांवरून एक मान वर येते.

पान एकसष्ट ते तीनशे बारा: चिठ्ठ्या शून्य. (सातपैकी पाच बेशुद्ध्या याच भागात आहेत.)

आकड्यांवरून निष्कर्ष एकच निघत होता आणि समितीने तो इतिवृत्तात नोंदवला: पान एकसष्टच्या सुमारास लेखकाचे मतपरिवर्तन झाले असावे. ऋचाने तरीही फेरतपासणीसाठी पुस्तक आणखी आठवडाभर मागितले. "ते नदीतलं प्रकरण नीट तपासावं लागेल, मामा." अनुपम म्हणाले, नदीतलं त्यांचंही नीट तपासून झालेलं नाही आणि पाळी त्यांची आहे. हेमचंद्ररावांनी तिसरा चहा मागवला. पुस्तक राहणार होते. पहिल्या पानावर सूचना चिकटवायचे ठरले: 'यातील विचार कालबाह्य आहेत. पान साठपर्यंत धीर धरावा.'

तिसरा चहा आणलेला शिपाई कप गोळा करायला थांबला होता.

"साहेब, मी पण वाचली," तो म्हणाला. सव्वीस वर्षे तो इथे पुस्तके लावत होता. "वो चौदह हमाल थे न, ते डायनासोर आल्यावर कुठे गेले?"

हेमचंद्ररावांना त्या प्राण्याचे दात पाठ होते. हमाल आठवेनात. शोधल्यावर पान साठच्या तळाशी सापडले: 'हमालांना तिथेच उभे राहण्यास सांगितले.' तीनशे बारावर साहेब लोक बोटीत बसून विलायतेला जातात.

"म्हणजे अजून उभेच," शिपाई म्हणाला.

"अरे, तुम्ही तर बसा," अनुपम म्हणाले. खोलीत खुर्च्या तीनच होत्या.

हेमचंद्ररावांनी स्वतःच्या हाताने पान साठवर नव्व्याण्णवावी चिठ्ठी लावली. आता एकच उरली आहे. ती कोरी, वाचनालयाच्या टेबलावर वाचकांसाठी ठेवली आहे.

तीनदा चहा आणणाऱ्या गृहस्थांचे नाव या वृत्तांतात आलेले नाही. अद्याप कोणी विचारलेले नाही.