लांबी सोळा फूट, हरकत नाही

कुठलीही गाडी नुसती दाखवा, तिची फाईल किती जाड असेल हे मी डोळे मिटून सांगतो!

अठरा वर्षं मी एका सरकारी खात्याच्या वाहन विभागात होतो. गाडी कधी चालवली नाही, धुतली नाही, बॉनेटखाली काय असतं याची साधी चौकशीही केली नाही. पण फायली हलवल्या. आणि गाडीपेक्षा फाईल हलवणं अवघड. गाडीला निदान चाकं असतात!

त्यामुळे चौऱ्याऐंशी साली माझा मेहुणा नंदकुमार वाशीच्या आमच्या घरी आला आणि म्हणाला, "भावोजी, एक जुनी पिकअप बघितलीय. गंजलीय भरपूर, पण दुरुस्त होईल असं वाटतंय. तुम्ही जरा बघता का?" तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणालो, "बघू."

गंमत नव्हती. नंदूची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. दोन वर्षं त्यानं उदबत्त्या विकल्या, रखवालदारी केली, आणि आता कुठे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं त्याला शब्द दिला होता. दसऱ्यापर्यंत स्वतःची गाडी आणलीस तर रोजच्या फेऱ्या तुझ्या. नाही आणलीस तर? तर नंदू बायकोमुलांसकट गावी, संगमेश्वरला. नवी गाडी त्याच्या स्वप्नातसुद्धा मावत नव्हती. म्हणून ही गंजकी.

माझी बायको चारुलता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "हे बघा, हा माझ्या भावाचा संसार आहे. कळत नसेल तर कळत नाही म्हणा."

"चारू, अठरा वर्षं वाहन विभागात काढलीत मी!"

"आणि अठरा वर्षं घरी बसनंच आलात!"

तरी सावधगिरी म्हणून गाडी बघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी तुर्भ्याला दिनानाथ मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो. मिस्त्री पाय प्लॅस्टरमध्ये घालून बाकावर आडवे.

"मीच आलो असतो साहेब, पण हे बघा. ती गाडी मला ठाऊक हाय. इंजिन चांगलं हाय. तुमी फक्त लांबी बघा. लांबी जास्त असली तर हात लावू नका. हे घ्या लोहचुंबक. लावून बघा, आपोआप कळंल."

मी मान हलवली. चांगली जोरात हलवली. लांबी म्हणजे काय, हे विचारायला मी काय अडाणी होतो? लांबी तिसरीच्या पुस्तकात असते!

आता वाचकहो, तुम्हाला म्हणून सांगतो. गाडीचा पत्रा गंजून भोकं पडली की ती बुजवायला जो लगदा थापतात आणि वरून रंग मारतात, त्याला गॅरेजात लांबी म्हणतात. खिडकीच्या काचेला सुतार लावतो तीच. हे तुम्हाला आत्ता कळलं. मला कळायला अजून एक दिवस होता.

रविवारी सकाळी दहाला नंदू आणि मी खाडीच्या अंगाच्या त्या गावात पोचलो. मी बरोबर एक कोरी फाईल, लोहचुंबक आणि चारूच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली होती. गाडीचे मालक शिवराम पाटील ओट्यावर बसले होते. मागे दारात त्यांच्या पत्नी बयाबाई. आणि समोर, मिठागराकडे उतरत जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, चाकाखाली वीट लावून ती उभी होती! वरून हिरवीगार, खालून विटकरी. कमरेपर्यंत चहात बुडवून ठेवलेल्या खारीसारखी.

"अकरा वाजता पोपटशेठ येनार हाय," शिवराम म्हणाले. "भंगारवाला. गॅसकटर घेऊन. तुमी त्याच्या आदी हो म्हनलं तर गारी तुमची. नाय तर तो कापून नेनार. मी शब्द दिलाय."

नंदूनं घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी फाईल उघडली.

"लांबी किती आहे?"

शिवरामच्या हातातली विडी खाली पडली.

"लांबी?"

"लांबी. आधी लांबी, मग बाकी सगळं."

"सायब, जुनी गारी हाय. थोरी लांबी असनारच."

"थोडी म्हणजे किती? मोघम नको."

"फुडं कमी हाय." त्यांनी विडी उचलली. "मागं जरा जास्त हाय."

मला हसू आलं. "अहो पाटील, पुढची वेगळी आणि मागची वेगळी, असं लांबीत नसतं. मला एकूण पाहिजे."

"एकून!" शिवरामना घाम फुटला. त्यांनी बयाबाईंकडे बघितलं. बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "सायब, तुमी जानकार दिसता. तुमच्यापाशी खोटं बोलत नाय. आमच्या जावयानं भरली. पेनला गनपतीच्या मूर्त्या करतो. हातानंच भरली त्यानं."

"हातानं भरलेली लांबी मी धरत नाही," मी कडक आवाजात म्हणालो. "मी स्वतः टेपनं भरणार."

"टेपनं?"

मी बंपरला टेप लावली. नंदूनं दुसरं टोक धरलं. टेप, खडूची खूण, पुन्हा टेप, पुन्हा खूण, असं चारदा. पाटील पती-पत्नी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसावं तसे बसून होते. साडेदहा झाले.

"सोळा फूट भरली!" मी जाहीर केलं.

"सोला फूट लांबी!" बयाबाई दारातच खाली बसल्या. "आवशी गं! जावयानं सांगितलं व्हतं, दोन डबे लागले!"

"काळजी करू नका. सोळा म्हणजे काहीच नाही. आमच्या ऑफिसच्या बसला बत्तीस फूट लांबी होती."

"बत्तीस!" शिवराम उठून उभे राहिले. "आनि चालायची?"

"रोज! साठ माणसं बसायची."

"तवऱ्या लांबीवर साठ मानसं?"

"लांबी होती म्हणूनच तर बसायची!"

शिवरामनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं अठरा वर्षांत आमच्या साहेबांनी एकदाही बघितलं नव्हतं.

मग लोहचुंबक. मी ते हिरव्या दरवाज्याला लावलं. पडलं. मडगार्डला लावलं. पडलं. टपाला लावलं, ते माझ्या पायावर पडलं. खाली गंजलेल्या दांड्याला मात्र खट्कन चिकटलं.

"भावोजी," नंदू कुजबुजला, "हे चिकटत का नाही?"

मी विचार केला. गंजलेल्या जागी चिकटतंय, चकचकीत जागी पडतंय. म्हणजे हे गंज शोधायचं यंत्र! मिस्त्री उगाच नाही म्हणाले, आपोआप कळेल.

"नंदू, जिथे पडतंय तिथे गंज नाही," मी म्हणालो. "अख्खा वरचा भाग निर्दोष आहे!"

शिवरामनी डोकं दोन्ही हातांत धरलं. भला माणूस होता. एवढ्या मोठ्या जाणकारानं एवढं उदार व्हावं, हे त्यांना सोसेना. "सायब," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमाला येक खरं सांगू का..."

तेवढ्यात टेम्पो आला. त्यातून सिलिंडर उतरला, दोन माणसं उतरली आणि शेवटी पांढऱ्या सफारीत पोपटशेठ.

"अकराला पाच कमी!" शेठ म्हणाले. "काय पाटील, कोणाची गाडी? बोला पटकन. एकदा बत्ती पेटली की मी थांबत नाय!"

एका माणसानं काडी ओढली. कटरच्या तोंडाशी निळी ज्योत फुस्सकन उभी राहिली. नंदू गाडीच्या आणि ज्योतीच्या मध्ये जाऊन उभा राहिला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"भावोजी," तो म्हणाला. "नक्की ना? तुम्ही म्हणाल ते. मला यातलं काहीच कळत नाही."

या वेळी 'मलाही कळत नाही' असं म्हणायला अगदी चांगली जागा होती. तिथे मी फाईल काढली आणि लिहिलं: 'लांबी सोळा फूट. जास्त नाही. घेण्यास हरकत नाही.' खाली सही, तारीख.

"नक्की," मी म्हणालो.

"घेतली!" नंदू ओरडला.

शेठनी हात वर केला. ज्योत विझली. बयाबाई नारळ घेऊन आल्या. "सायब, तुमी आत बसा. मान तुमचा!"

मी ड्रायव्हरच्या जागी बसलो. किल्ली होती, ती फिरवली. एक दांडा होता, तो सोडवला. खाली तीन पेडल होती, त्यांतल्या डाव्यावर पाय ठेवून आरामात बसलो. नंदूनं डोळे मिटले, हात जोडले, आणि दगडाऐवजी भावनेच्या भरात नारळ सरळ मडगार्डवर हाणला.

नारळ फुटला नाही. मडगार्ड फुटलं!

अख्खं हिरवं मडगार्ड जमिनीवर पडलं आणि त्याचे चौदा तुकडे झाले. गाडीला हिसका बसला, वीट निसटली, आणि समोरची माणसं मागे जायला लागली. माणसं मागे जात नव्हती. मी पुढे जात होतो!

"ब्रेक!" नंदू धावत ओरडला. "भावोजी, ब्रेक!"

"कुठला?"

"मधला!"

मधला मी दाबला. तो एखाद्या जुन्या मित्रासारखा सहज आत गेला आणि आतच राहिला. गाडी उतारावर आणखी उत्साहानं निघाली. पुढे वाट, वाटेवर वाळत घातलेली सुकट, त्यापुढे पडीक मिठागर, त्यापुढे खाडी. मला पोहता येत नाही. ते चारूनंच मला शिकू दिलं नव्हतं.

"डावा पाय काढा!" शिवराम मागून ओरडले. "डावा!"

मी डावा पाय काढला. गाडीनं एक भयंकर उचकी दिली, मागून काळा धूर सोडला, आणि इंजिन चालू झालं! त्या थरथराटात वरचं सगळं निखळायला लागलं. उजवा दरवाजा सुकटीशेजारी राहिला. डावा मी आधारासाठी धरला होता, तो माझ्या हातात आला. टपाचा निम्मा भाग जत्रेतल्या खाज्यासारखा तुटून उडाला. आणि मग धप्प! पुढची चाकं मिठागराच्या चिखलात रुतली. मी मांडीवर दरवाजा घेऊन उघड्या आभाळाखाली बसलो होतो. इंजिन चालूच होतं.

सगळ्यात आधी पोपटशेठ पोचले. वाटेत वेचलेला एक जाड तुकडा त्यांच्या हातात होता. एका बाजूला हिरवा रंग, बाकी सगळा मातकट लगदा.

"साहेब, तुमची लांबी रस्त्यात पडली!" ते म्हणाले.

"माझी लांबी?"

"ही बघा ना! बोटभर जाड! ही गाडी नव्हती, मूर्ती होती. विसर्जन बरोबर केलंत!"

मी तो तुकडा हातात घेतला. खिशातलं लोहचुंबक त्याला लावलं. पडलं. आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, चिखलात, मला मराठीतला एक शब्द नव्यानं कळला.

नंदू आला. गुडघाभर चिखलात, काखेत तो न फुटलेला नारळ. चिडला असता, मारलं असतं, तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "असू दे भावोजी. तुम्हाला लागलं तर नाही ना?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचंच, असं ठरवून उघडलं. पण वरून आरोळी आली, "इंजिन बंद करू नका!"

एका दूधवाल्याच्या सायकलच्या कॅरिअरवर उलटे बसून, प्लॅस्टरचा पाय तोफेसारखा मागे ताठ धरून, दिनानाथ मिस्त्री येत होते. त्यांना दोघांनी उचलून गाडीजवळ आणलं. त्यांनी कान लावून इंजिन ऐकलं. पान्यानं खालच्या सांगाड्यावर हाणलं. टण्ण! मागे हाणलं. टण्ण!

"ऐकलं? देवळातली घंटा हाय ही!" मिस्त्रींचा चेहरा उजळला. "खाली गंज नुसता वरवरचा. नंदूशेठ, असा सांगाडा आता मिळत नाय. ब्रेक करू, पत्रा नवा ठोकू, दसऱ्याच्या आत गाडी तुमच्या दारात!"

मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"साहेब, माफी करा. काल तुमी जरा जास्तच मान हलवली, तवा मला वाटलं, साहेबांना लांबी कळलीच नाय. म्हनून असा आलो धावत. आनि बघतो तर तुमी सगळी लांबी झाडून गाडी उघडी करून दाखवली! असं तर आमी पन करत नाय!"

सगळे माझ्याकडे बघत होते. नंदूचे डोळे भरून आले होते. शिवराम बयाबाईंना सांगत होते, "मी म्हनलं नव्हतं? जानकार हाय!"

मी मान हलवली.

गाडी दसऱ्याच्या आधी चार दिवस तयार झाली. मागच्या फळीवर, जिथे लोक आईचा आशीर्वाद लिहितात तिथे, नंदूनं पेंटरकडून झोकदार अक्षरात लिहून घेतलं होतं: 'लांबी सोळा फूट. हरकत नाही.' माझी फाईल चारूच्या हाती लागली होती. तिनं भावाला नेमकं काय सांगितलं, मला माहीत नाही. मी गेलो तेव्हा दोघंही पोट धरून हसत बसले होते.

पासिंगला आम्ही सगळे गेलो. तिथल्या साहेबांनी फळी वाचली, भुवया वर केल्या आणि स्वतःची लोखंडी टेप काढून गाडी मोजली. चौदा फूट आठ इंच!

"सोळा कोणी भरली?" त्यांनी विचारलं.

नंदूनं अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"अहो," चारू माझ्या कानाशी म्हणाली, "माझी टेप नेली होतीत ना? तिचे पहिले चार इंच आपल्या वैशालीनं बाहुलीच्या पट्ट्यासाठी कापलेत. आकडे चारपासूनच सुरू होतात. दिसलं नाही तुम्हाला?"

मी मान हलवली.