काकी आधी पाय बघतात

घिवलीच्या आमच्या घरमालकीण काकी माणसाचं तोंड शेवटी बघतात. आधी पाय. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी नाव, गाव, पगार काही विचारलं नाही. "मोजे काढ," म्हणाल्या. मला वाटलं, इथली काही रीत असेल. पुढे पुतण्यासाठी मुलगी बघायला गेल्या, तेव्हा बाकीचे पोह्यांचं कौतुक करत होते आणि काकी मुलीच्या टाचा निरखत होत्या. "भेगा नाय. आणा घरी," एवढंच बोलल्या.

मी सांगलीकडचा, नोकरी बोईसरच्या कारखान्यात, बायकोमुलं गावी. मला साखर निघाली आणि काकींना कामच मिळालं.

या दुखण्यात खरा त्रास कंटाळ्याचा. बोट टोचा, गोळी घ्या, भात बेताने वाढून घ्या, चालायला जा. आज सगळं नीट केलं म्हणून उद्या सुट्टी नाही. त्यात कारखान्यातली पाळी संपवून, टमटममध्ये अंग चोरून घरी यावं, तर ओट्यावर काकी हजर.

"पाय दाव."

मग टाच, नखं, बोटांच्या बेचक्या. "हितं ओल ऱ्हायली. पुस." अनवाणी अंगणात उतरलो की ओरडा. बूट घालण्याआधी उपडा करून झटकायचा. "खडा शिरला तरी तुला कलायचा नाय."

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी फार दमून आलो. म्हटलं, "काकी, आज राहू द्या. पाय कुठं पळून जाणार आहेत?"

"जातात," काकी म्हणाल्या.

नवऱ्याबद्दल त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. काकांनाही साखर होती. चिकूच्या वाडीत पायात खिळा रुतला, पण दुखलंच नाही. वास यायला लागला तेव्हा कळलं. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखाली पाय. त्यातून ते उठले नाहीत.

"रोज त्यांच्या बाजूला जेवाया बसायची मी," काकी म्हणाल्या. "एकदा खाली बगितलं नाय."

मी मोजे काढले. त्यांनी पाय तपासले, नेहमीसारखेच.

"काकी, साखर तुम्हालाही आहे. तुमचे तळवे कोण बघतं?"

"गुडगे वाकत नाय. आरसा ठेवते जमिनीवर. पन आता डोल्यांना दिसत नाय."

मी खाली बसून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांना वाटलं, नमस्कार करतोय. "सुखी ऱ्हा," म्हणाल्या. मी पाय हलकेच उचलून तळवा उजेडाकडे वळवला, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून वाडीकडे बघत राहिल्या.

टाचेपाशी लहानसा फोड होता. "उद्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"जाव," काकी म्हणाल्या. पाय मात्र त्यांनी बराच वेळ माझ्या हातातून काढून घेतला नाही.