गच्चीवर धूर, खाली पेशंट

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी ठरवलं की उद्या घरीच अंतिकूचो करायचे. बस, एवढंच. सरकार पाडायचं ठरवलं नव्हतं, लग्न करायचं ठरवलं नव्हतं. गाईच्या हृदयाचे तुकडे मिरचीच्या वाटणात मुरवायचे, काडीत ओवायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. लिमातल्या आमच्या रिमाक वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर बायका हे काम एका हाताने करतात आणि दुसऱ्या हाताने पोरांना बडवतात. माझे तर दोन्ही हात मोकळे होते. (एप्रिलमध्ये मी इंजिनिअरिंग सोडलं, तेव्हापासून हात, पाय, डोकं, सगळंच मोकळं आहे.)

खरं कारण बाबा. माझ्या वडिलांची, एरास्मो यांची, बाजाराच्या तोंडाशी किल्ल्या बनवायची टपरी आहे. लिमातलं कुठलंही कुलूप उघडतील. स्वतःचं तोंड मात्र त्यांनी एप्रिलपासून माझ्यासाठी उघडलेलं नाही. ते खाली राहतात, मी गच्चीवरच्या खोलीत. मध्ये चौदा पायऱ्या. काही सांगायचंच असलं तर नेलिदा आत्याकडून निरोप येतो, ‘तुझे वडील म्हणतात, पाण्याचा पंप बंद कर.’ ही बाबांची थोरली बहीण. ऑक्टोबरभर जांभळा झगा घालून देवाचा नवस फेडते आणि उरलेल्या वेळात गल्लीत बातम्या वाटते. आई चार वर्षांपूर्वी इटलीला गेली, एका म्हाताऱ्याची सेवा करायला. घरचा म्हातारा टाकून परका सांभाळते. मला ते पटतं. परका निदान पगार देतो.

आई इथे होती तेव्हा अंतिकूचोचा वास आला की बाबा असतील तिथून यायचे. एकदा तर अर्ध्या अंत्ययात्रेतून आले होते. म्हणून माझा बेत सोपा होता. बोलवायचं नाही (मलाही मान आहे, थोडा), नुसता वास खाली सोडायचा. चौदा पायऱ्या ते आपण होऊन चढतील, एखादी काडी खातील आणि काहीतरी बोलतील. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

बाजारात मांसवाल्या बाईने विचारलं, किती माणसं? मी म्हणालो, दोन. ती म्हणाली, मग अर्ध्या हृदयात भागेल, पण अर्धं मी कापून देत नाही, उरलेलं कुणाच्या गळ्यात घालू? आणि अख्खं हृदय माझ्या पिशवीत टाकलं. दोन किलोंच्या वर होतं. आईला फोन केला तेव्हा ती तिथल्या म्हाताऱ्याला कुशीवर वळवत होती. एका श्वासात तिने मला जिरं, लसूण, शिरका सांगितला, त्याला इटालियनमध्ये पाय उचलायला सांगितलं, आणि वरचा पांढरा पापुद्रा काढ, नाहीतर चपला चावल्यासारखं लागेल, असंही सांगितलं. हे शेवटचं मला होतं की त्याला, ते कळायच्या आत फोन कटला. मी पापुद्रा काढला. रात्री दोन वाजेपर्यंत काढत होतो.

रविवारी दुपारी काड्या मोजल्या तर बत्तीस भरल्या. शेगडी म्हणून जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम होता. कोळसा मात्र पेटेना. ऑक्टोबरातली लिमा, हवा ओल्या फडक्यासारखी. शेवटी मी खोलीतून इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांच्या वह्या आणल्या आणि पानं फाडून खाली सारली. तीन वर्षांत त्या वह्यांनी काही उभं केलं असेल तर तो त्या दिवशीचा धूर. एवढा भक्कम, सरळ, गल्लीच्या कुठल्याही टोकावरून दिसेल असा स्तंभ कुठल्या प्राध्यापकाने बांधला नसेल. त्यात तेल लावायचा मक्याच्या सालांचा कुंचा पेटला. स्तंभावर कळसही चढला.

पहिल्या वर आल्या समोरच्या सोराइदाकाकू. हातात झाकणाचा डबा. धापा टाकत म्हणाल्या, “कोण आजारी आहे?”

आता आमच्या गल्लीचं असं आहे. कुणी आजारी पडलं की घरचे आधी जेवणाची कार्डं विकतात आणि रविवारी गच्चीवर नाहीतर दारात मांस भाजतात. सगळे येतात, खातात, आणि त्या पैशांत ऑपरेशन पार पडतं. इथे ड्रमभर निखारे आणि बत्तीस काड्या याचा दुसरा अर्थच नाही. एकटा माणूस बत्तीस काड्या भाजत नाही. एकटा माणूस अंडं उकडतो.

मी म्हणालो, कोणी आजारी नाही. त्या म्हणाल्या, अरे, यात लाजायचं काय? उलट त्या रागावल्याच. कार्ड त्यांच्याकडे आलंच नव्हतं. त्यांच्या गुडघ्याच्या वेळी माझ्या आईने पाच कार्डं घेतली होती आणि आज त्यांना धूर बघून कळतंय, ही कुठली रीत?

“काकू, मी सहज करतोय. माझ्यासाठी.”

त्यांनी एकदा काड्यांकडे पाहिलं, एकदा गच्चीवरच्या एकुलत्या एक खुर्चीकडे. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आजारी माणूस असता तर जागीच मेला असता. आवाज खाली आणून म्हणाल्या, “एरास्मो ना?”

इथे मला नाही म्हणता आलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं की बाई, सहा महिने मी ह्या खुर्चीवर एकटा जेवतोय, आणि खालच्या माणसाने वर यावं म्हणून दोन किलो हृदय जाळतोय. त्यापेक्षा बापाला आजारी पाडणं सोपं होतं. मी मान हलवली.

(माझी मान मोठ्या कामाची नाही, पण हलते फार पटकन.)

पुढच्या अर्ध्या तासात गच्चीवर वीस माणसं होती. खुर्च्या त्यांनीच आणल्या, उकडलेले बटाटे आणि मका कुणीतरी आणला, जांभळ्या मक्याच्या सरबताची बादली आली. विसेंतेकाकांनी, म्हणजे कोपऱ्यावरच्या न्हाव्याने, स्पीकर लावला आणि आवाज बारीक ठेवला, पेशंट खाली आहे म्हणून. ह्याच विसेंतेकाकांनी मे महिन्यात माझे केस कापताना सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं की आजकालच्या पोरांच्या पाठीला कणा नाही. आता बोटं चाटत म्हणाले, पोरगा बापासाठी उभा राहिला, बघा. मी काड्या उलटत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराने. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला ‘अजून एक दे रे’ म्हणत होतं. मला ते थांबवावंसं वाटलं नाही, हा माझा दुसरा गुन्हा.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बाबा चड्डीवर बसून फुटबॉल बघत होते. सोराइदाकाकू आत गेल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन बसल्या. मग आणखी दोघी आल्या. एकीने टीव्हीचा आवाज कमी केला, एकीने त्यांच्या पायांवर घोंगडी टाकली. बाबांनी विचारलं, काय झालं? तर त्या म्हणाल्या, काही नाही, तुम्ही बोलू नका. नेलिदा आत्याने लगेच इटलीला फोन लावला. पाच मिनिटांत माझा फोन वाजला, आई रडत विचारत होती, त्यांचा रंग पिवळा आहे की राखाडी? मी म्हणालो, नेहमीचाच आहे. ती म्हणाली, म्हणजे राखाडी, आणि आणखी जोरात रडायला लागली.

आणि मग जिन्यावर पावलं वाजली. मी मोजली. चौदा.

बाबा दारात उभे होते. घोंगडी खांद्यावर, चेहरा खरोखरच राखाडी. विसेंतेकाकांनी स्पीकर बंद केला. बाबा वीस माणसांमधून सरळ माझ्यापाशी आले.

“येर्सन, खरं सांग,” ते म्हणाले. “मला काय झालंय?”

सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य. ह्या माणसाला भीती वाटू शकते हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. घोंगडीची कड त्यांनी मुठीत धरली होती.

“काही झालेलं नाही, बाबा. मी खोटं सांगितलं. तुम्ही वर यावं म्हणून केलं होतं हे सगळं.”

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मी एक काडी पुढे केली. त्यांनी घेतली. उभ्याउभ्या पहिला तुकडा खाल्ला, मग दुसरा. दुसऱ्याला डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले असतेही, पण सोराइदाकाकू मागोमाग वर आल्या होत्या. त्यांनी रिकामा डबा आपटला.

“मग आजारी कोण आहे? आम्ही खाल्लं कुणासाठी?”

गच्चीवर कुणी चावेना. वीस तोंडं थांबली. बटाट्यांच्या रिकाम्या पातेल्यात लोकांनी ऑपरेशनसाठी टाकलेल्या नोटा होत्या, सगळे आधी तिकडे बघत होते, मग बाबांकडे. आमच्या गल्लीत माणूस कर्ज बुडवू शकतो, बायको सोडू शकतो. पण खोट्या आजारावर शेजाऱ्यांना खाऊ घातलं तर त्याच्या किल्ल्या पुन्हा कोणी घेत नाही.

बाबांनी तोंड पुसलं. घोंगडी काढून माझ्या खांद्यावर घातली आणि वर हात ठेवला. जड, गरम हात. मला वाटलं, एवढ्यासाठी आणखी दोन किलोसुद्धा भाजेन.

“मुलगा,” ते लोकांना म्हणाले. “याचं डोकं. डॉक्टरला दाखवायचंय.”

मी वाट बघितली. बाबांच्या वेळी केवढी चौकशी झाली होती. किडनी की लिव्हर, कधीपासून, कुठलं हॉस्पिटल, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का. माझ्या डोक्याबद्दल एकानेही एक प्रश्न विचारला नाही. सगळ्यांनी नुसती मान डोलावली आणि पुन्हा चावायला लागले. विसेंतेकाकांनी तेवढी ताटली पुढे केली.

“मग अजून दोन दे,” ते म्हणाले. “हे एका रविवारात बरं व्हायचं नाही.”