एक कप्पा वगळून

"पाच मिनिटं! घड्याळ लावून बसा!" असं म्हणत जावईबापूंनी बाह्या सरसावल्या, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं काढलेला माणूस! सासुरवाडीच्या संगणकावर हरवलेली एक फाइल शोधणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ.

फाइल मात्र साधीसुधी नव्हती. मेव्हणीचा प्रबंध होता. तीन वर्षं बिचारी उन्हातान्हात मुंग्यांच्या वारुळांपुढे उकिडवी बसली होती, आणि आज पाचच्या ठोक्याला विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार होतं. सकाळी उघडून बघते तर प्रबंध गायब! पेनड्राइव्हवर एक प्रत होती, पण परवाच याच भावोजींनी तो पुसून त्यावर गाणी भरली होती.

"भावोजी, फाइलचं नाव सांगू का?"

"नाव कशाला? फिल्टर लावायचा! हे बघ, 'प्रबंध' लिहायचं आणि पुढे एक चांदणी. चांदणी म्हणजे पुढे काहीही असलं तरी चालेल."

बटण दाबलं. एकही फाइल नाही.

"हरकत नाही," जावईबापू म्हणाले. "आता चांदणी आणि फाइलचा प्रकार. एवढंच!"

अकरा हजार फाइली धबाधबा कोसळल्या! त्यात निम्म्या त्यांच्याच: ऑफिसचे अहवाल, गाड्यांची माहितीपत्रकं, वजन कमी करण्याचे सात आराखडे. सगळ्या 'जावई' नावाच्या फोल्डरमधल्या. सासूबाईंनी कौतुकानं तो कप्पा त्यांना करून दिला होता.

"ही अडगळ आधी वगळू," म्हणत त्यांनी तो कप्पा फिल्टरमधून कायमचा बाद केला. "आता 'फायनल'. दोन्हीकडून चांदण्या!"

सेहेचाळीस निघाल्या. 'फायनल', 'खरं फायनल', 'फायनल आईशप्पथ'. मेव्हणीनं एकेक उघडून पाहिली. सगळ्या गेल्या वर्षीच्या.

"अहो, तिला नाव तरी सांगू द्या!" बायको दारातून ओरडली.

"शोधल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही!" जावईबापू आता इरेला पेटले होते. तारखेनं गाळलं, आकारानं गाळलं, मुंगीच्या लॅटिन नावानं गाळलं. साडेचार वाजले. घामानं सदरा पाठीला चिकटला. मेव्हणीचे डोळे भरून आले. शेवटी मान खाली घालून ते पुटपुटले, "नाव काय होतं गं?"

"'आता बास'."

त्यांनी मुकाट्यानं तेच लिहिलं. एकही फाइल नाही! पोरीची तीन वर्षं आपल्या हातून मातीत गेली, या विचारानं जावईबापूंनी तेच नाव पुन्हा दोनदा लिहून पाहिलं.

कोपऱ्यात सासरे पेपर वाचत बसले होते. दप्तरखान्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पेपर खाली केला.

"जावईबापू, सगळीकडे बघितलंत?"

"सगळीकडे! फक्त माझा कप्पा सोडून."

"आमच्याकडे एक रीत होती. फाइल हरवली की शोधणाऱ्याचंच टेबल आधी उपसायचं."

"माझ्या कप्प्यात तिचा प्रबंध कसा येईल, बाबा?" म्हणता म्हणता जावईबापूंना आठवलं. गेल्या रविवारी पसारा आवरायच्या जोशात त्यांनीच एक नियम लावला होता: संगणक बंद करताना प्रत्येक मोठी फाइल आपोआप 'जावई'मध्ये जाईल. काल मेव्हणीनं प्रबंधात मुंग्यांचे दोनशे फोटो घातले होते. फाइल फुगली, आणि गेली मुकाट्यानं भावोजींच्या घरी!

कप्पा उघडला. वजनाच्या आराखड्यांच्या मधोमध 'आता बास' निवांत बसलं होतं. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी प्रबंध पोर्टलवर चढला. मेव्हणी रडता रडता हसली, सासूबाईंनी देवाला हात जोडले. जावईबापूंनी हळूच बाह्या खाली केल्या.

पुढच्या रविवारी ते आले, तर संगणक पासवर्ड मागू लागला.

"नवा आहे," मेव्हणी म्हणाली. "आईला सांगितलाय, बाबांना सांगितलाय, ताईलाही सांगितलाय."

"आणि मला?"

"फिल्टर लावलाय, भावोजी. घरातले सगळे, एक कप्पा वगळून!"